कुमुदताई, ती चूक माझी होती

कुमुदताई, तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. गेल्या आठवड्यात ऑफिसात शोकसभा झाली. साहेब म्हणाले, कुमुददेवी अत्यंत मृदुभाषी होत्या. माझ्या शेजारी हलदारबाबू बसले होते, डोक्याला अजून पट्टी. आपलं मशीन चालवणारा हा साठीला आलेला माणूस, तुझी सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेला. माझ्या कानाशी लागून ते म्हणाले, "मृदुभाषी? कोण?" आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसताच त्यांनी धोतराच्या सोग्यात तोंड खुपसलं आणि ते हमसून रडायला लागले.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. सगळ्यांना वाटलं, दुःखामुळे. पण तुझ्याबद्दल काही चांगलं बोलायचं तर त्याआधी एक गोष्ट कबूल करावी लागली असती, आणि ती त्या खोलीत माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती. तुला माहीत होती. तू ती कोणाला न सांगता गेलीस. म्हणून आता तुझ्याशी बोलते आहे.

बाबांची बदली खिदिरपूरला कस्टम्समध्ये झाली आणि आम्ही पुण्याहून इथे आलो. गणिताची पदवी होती, इंग्रजी बरं होतं, तेवढ्यावर मला आपल्या संगणक केंद्रात घेतलं. पहिल्या दिवशी तू माझं नाव ऐकलंस आणि एकदम मराठीत म्हणालीस, "सुनंदा, उन्हातून आलीस, पाणी खा आधी." मी तुझ्याकडे बघतच राहिले. तीन पिढ्या कलकत्त्यात काढलेल्या तुमच्या घरात मराठी तुझ्या आईने, काकूंनी, जपली होती, पण पाणी तुम्ही बंगाल्यांसारखं खातच होता. मी हसले तर तू भडकलीस. "हसू नकोस. आणि अहोजाहोही नको. मी काही तुझी सासू नाही." त्या दिवसापासून तू ताई आणि तू.

तिसऱ्याच दिवशी मी मशीन बंद पाडलं.

तेव्हा आपण एकाच मशीनवर दोन प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवायला नुकती सुरुवात केली होती. प्रत्येकाला मेमरीत आपापली जागा दिलेली, आणि कोणी हद्द ओलांडली तर मशीन त्याला अडवायचं. पण भोकं पाडलेली कार्डं वाचणं, टेप फिरवणं, कागदावर छापणं ही कामं प्रोग्रॅमने स्वतः करायची नव्हती. ती सुपरवायझरकडे मागायची. सुपरवायझर म्हणजे तू लिहिलेला, मशीनमध्ये कायम बसलेला प्रोग्रॅम. त्याला मात्र हद्द नव्हती. त्याचा हात सगळीकडे पोचायचा. मी त्याला सांगितलं, पुढचं कार्ड वाच आणि मेमरीतल्या या पत्त्यावर ठेव. पत्ता लिहिताना माझ्याकडून एक आकडा सुटला होता. तो पत्ता माझ्या जागेतला राहिलाच नाही, खुद्द सुपरवायझरच्या जागेतला झाला. त्याने मुकाट्याने कार्ड वाचलं आणि स्वतःच्याच सूचनांवर नेऊन ठेवलं. मशीनवरचे सगळे दिवे एकदम थिजले. शेजारी सकाळपासून चाललेलं दुसऱ्या खात्याचं कामही त्यात मेलं. हलदारबाबू कपाळाला हात लावून बसले.

मला वाटलं, नोकरी गेली. तू माझ्या प्रोग्रॅमची कार्डं चाळलीस, सुटलेला आकडा सापडला, आणि मला विचारलंस, "पत्ता कोणी दिला?"

"मी."

"आणि तिथे ठेवलं कोणी?"

"सुपरवायझरने."

"मग चूक त्याची. म्हणजे माझी. ज्याचा हात कुठेही पोचतो, त्याने हात घालायच्या आधी विचारायला नको, की बाई, ही जागा तुझी आहे का? तू नवी आहेस, तू चुकणारच. उद्या कोणी मुद्दाम चुकेल."

एवढं बोलून तू वळलीस आणि मशीनच्या टेबलावर चहाचं भांडं ठेवल्याबद्दल हलदारबाबूंना असं झापलंस की ते भांडं उचलून बाहेरच निघून गेले. ताई, तू थोर होतीस, पण तुझ्या हाताखाली काम करणं सोपं नव्हतं. मंद माणूस तुला सहन व्हायचा नाही. मला सगळ्यांसमोर तू "पुण्याची पंडिता" म्हणायचीस आणि ते मला लागायचं, हे तुला माहीत होतं.

त्या आठवड्यात तू सुपरवायझरला विचारायला शिकवलंस. मागणाऱ्याने दिलेली जागा कुठे सुरू होते, किती लांब आहे, कुठे संपते, हे सगळं त्याच्या हद्दीत बसतं का, मगच काम. मला वाटलं, झालं. पण पंधरा दिवसांनी तू मला फळ्यापुढे उभं केलंस आणि म्हणालीस, अजून एक भोक आहे, शोध. मला सापडलं नाही. तू खडूने दाखवलंस. प्रोग्रॅम आपली मागणी एका चिठ्ठीसारखी स्वतःच्याच जागेत लिहून ठेवतो: अमुक पत्त्यावरची ओळ छाप. सुपरवायझर ती चिठ्ठी वाचतो, तपासतो, ठीक म्हणतो. पण प्रिंटर तेवढ्यात दुसऱ्या कामात असतो, म्हणून थांबतो. प्रिंटर मोकळा झाला की तो पुन्हा त्याच चिठ्ठीकडे जातो. मधल्या वेळात प्रोग्रॅम चालूच आहे आणि चिठ्ठी त्याच्याच जागेत आहे. ती त्याने बदलली असली तर?

"तपासलं एक आणि केलं भलतंच," मी म्हणाले.

"म्हणून आधी उतरवून घ्यायचं. आपल्या जागेत. मग उतरवलेलं तपासायचं आणि उतरवलेलंच वापरायचं. त्याच्या चिठ्ठीकडे पुन्हा बघायचंसुद्धा नाही."

इथून आपला वाद सुरू झाला. आपली मेमरी केवढीशी! प्रत्येक मागणी उतरवून ठेवायची तर त्यासाठी जागा अडवून ठेवावी लागे. प्रोग्रॅम लिहिणारे रोज माझ्या डोक्याशी कटकट करत, जागा पुरत नाही म्हणून. मी तुला म्हणायची, "ताई, हे सगळे आपल्याच ऑफिसातले लोक आहेत. इतका अविश्वास कशाला?" तू म्हणायचीस, "त्यांच्या मनाशी मला काही देणंघेणं नाही. एकदा पाहिलेली गोष्ट पुन्हा बघताना तशीच असेल, असं धरून चालायचं नाही, इतकंच." एकदा मी चिडून बोलून गेले, "या शहरातल्या भीतीने तुझं असं झालंय. तुला सगळीकडे खुनीच दिसतात." दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. त्या वाक्याची माफी मागायची राहिली आहे. ती यादीतली पहिली.

कारण मी ते बोलले ते सियालदहच्या त्या सकाळनंतर, अवघ्या महिन्याभराने. आपण दोघी स्टेशनबाहेर भेटून पायी ऑफिसला निघालो होतो. कोबीच्या टोपल्या उतरत होत्या, हमाल ओरडत होते. पांढऱ्या शर्टातला एक माणूस आपल्या पुढे दहा पावलांवर चालला होता. दोन तरुण मागून आले, एकाने त्याचे केस धरून मान मागे ओढली, दुसऱ्याने पोटात सुरा खुपसला, बाहेर काढला, पुन्हा खुपसला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. ते चालतच निघून गेले, धावलेही नाहीत. दुकानांच्या फळ्या धडाधड बंद झाल्या. माणूस कोबीच्या पानांत बसला आणि आपल्याच पोटाकडे बघत राहिला.

तू धावलीस. गुडघ्यांवर बसून पदराचा बोळा त्याच्या पोटात दाबलास आणि माझ्यावर ओरडलीस, "इकडे ये! इथे दाब! दोन्ही हातांनी!" मी आले नाही, ताई. माझे पाय जागचे हलले नाहीत. तो तुझ्या हाताखाली मेला. पोलिसांची गाडी आली तेव्हा रस्त्यावर आपल्याशिवाय कोणी नव्हतं. मी तुझा दंड धरून म्हणाले, "आपण काही पाहिलं नाही. चल." तू माझा हात झटकलास आणि त्यांना सगळं सांगितलंस. किती जण, कसे दिसत होते, कुठल्या गल्लीत गेले. मग ऑफिसात येऊन कोपरापर्यंत हात धुतलेस आणि कार्डं घेऊन बसलीस.

तीन दिवसांनी तुमच्या घराच्या भिंतीवर डांबराने लिहिलेलं सापडलं: जास्त बघणाऱ्यांचे डोळे राहत नाहीत. तू मला ते सांगितलंस आणि म्हणालीस, "बंगालीच्या दोन चुका आहेत. शाळा बुडवून क्रांती करतात." मी रात्रभर जागी होते. तू झोपली असशील.

ते वर्षच तसं होतं. क्रांतीच्या नावाखाली कॉलेजांची ग्रंथालयं जळत होती. परीक्षेच्या खोल्यांत बाकावर सुरा ठेवून मुलं पुस्तकातून उत्तरं उतरवत होती, आणि ज्यांनी खरोखर अभ्यास केला होता ती मान खाली घालून लिहीत होती. सकाळी निघताना आई माझ्या हाताला हात लावून बघायची, जणू शेवटचं. पेटो हा शब्द मी इथेच शिकले. सुतळीने आवळलेला गावठी बाँब. त्याचा आवाज ट्रामच्या घंटेइतका रोजचा झाला होता.

आणि त्या वर्षीच्या एका मोठ्या परीक्षेचे निकाल आपल्याकडे छापायला आले.

तू रजेवर होतीस. काकूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. निकालाचा प्रोग्रॅम मेमरीत मावेना. साहेब दिवसातून चारदा येऊन सांगत, वेळेत याद्या लागल्या नाहीत तर पोरं केंद्र जाळतील. प्रोग्रॅमचे दोन तुकडे करून तो चालवता आला असता. मला ते सुचलं होतं, ताई. सुचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याला एक दिवस जास्त लागला असता. त्याऐवजी मी तुझा सुपरवायझर उघडला आणि त्यातलं उतरवून घेणं काढून टाकलं. तपासणी ठेवली. मनात म्हटलं, हद्द तर तपासतोच आहे, ताईला नंतर सांगू. थोड्या कार्डांवर चालवून पाहिलं, सगळं बरोबर. मला केवढा अभिमान वाटला. वाटलं, वाद मी जिंकला.

पण थोड्या कार्डांवर प्रिंटर कधी अडत नाही. खऱ्या छपाईत कागद अडकला, शाईची फीत बदलावी लागली, आणि प्रत्येक वेळी मागण्या ताटकळल्या. निकालाचा प्रोग्रॅम एक ओळ तयार करायचा, चिठ्ठी लिहायचा, आणि लगेच त्याच चिठ्ठीवर पुढच्या ओळीचा पत्ता घालायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. जुनी चिठ्ठी उतरवून घेतली असेल असं त्याला सांगितलेलं होतं. प्रिंटर मोकळा झाला की सुपरवायझर चिठ्ठी बघायचा आणि त्याला नवीनच पत्ता दिसायचा. नवीन ओळ दोनदा छापली जायची. जुनी हरवायची. एका ओळीत दहा-बारा पास झालेल्यांचे रोल नंबर. ज्याचा नंबर यादीत नाही तो नापास. याद्या भिंतींवर लागल्या.

तू कामावर परत आलीस त्या दुपारी दरवान एका मुलीशी हुज्जत घालत होता. सतरा-अठरा वर्षांची, तेलकट वेणी, हातात परीक्षेचं प्रवेशपत्र. तू तिला वर घेऊन आलीस. ती रडत नव्हती. तिने प्रवेशपत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "दिदी, आमार रोल नंबर नेई." माझा नंबर नाहीये. मग सावकाश म्हणाली, "मी नापास होऊ शकत नाही. काहीतरी चुकलंय."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. तू यादी मागवलीस आणि पेन्सिल फिरवत गेलीस. एका जागी पेन्सिल थांबली. "ही ओळ दोनदा आहे." पुढे गेलीस. "हीसुद्धा." तू मान वर केलीस आणि थेट माझ्याकडे बघितलंस.

"सुनंदा, उतरवून घेणं काढलंस?"

"नाही, ताई," मी म्हणाले. "प्रिंटरचंच काहीतरी असेल."

तू कपाटाकडे गेलीस, सुपरवायझरची कार्डं काढलीस आणि उभ्या उभ्या चाळलीस. मी बघत होते. जिथून मी कार्डं काढली होती तिथे तुझा अंगठा थांबला. मला वाटलं, आता तू माझ्या अंगावर ती पेटी फेकणार. फेकायला हवी होतीस. तू कार्डं नीट परत ठेवलीस आणि साहेबांच्या खोलीत गेलीस. मी दारापर्यंत मागे आले. तू उभी होतीस आणि म्हणत होतीस, "सुपरवायझर माझा आहे. चूक माझी आहे. याद्या पुन्हा छापाव्या लागतील."

साहेब किंचाळत होते. दाराच्या पलीकडे मी उभी होते आणि एक पाऊल आत टाकायचं होतं. सियालदहला टाकलं नव्हतं तसंच तेही टाकलं नाही.

तू त्याच संध्याकाळी काढलेली कार्डं पुन्हा लिहून घातलीस आणि निकालाच्या प्रोग्रॅमचे दोन तुकडे केलेस. माझ्याकडून कार्डं पंच करून घेतलीस. वीज गेली म्हणून छपाई दुसऱ्या दिवसावर गेली.

सकाळी छपाई सुरू होऊन तासही झाला नव्हता तेव्हा खाली घोषणा ऐकू आल्या. फाटकाशी दोन-तीनशे मुलं होती. आधी दगड आले, मग खालच्या मजल्यावर एक पेटो फुटला आणि जिन्यातून बारुदाचा वास वर आला. मागच्या जिन्याने पाच-सहा जण चढले. मशीनच्या खोलीची काच त्यांनी लोखंडी कांबीने फोडली. एकाने टेपची चाकं उपसून काढली, एकाने कपाटं पाडली. हलदारबाबू प्रिंटरला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "हे तुमचंच छापतंय रे! तुमचेच नंबर!" त्यांच्या डोक्यात कांब बसली. रक्त डोळ्यांत उतरलं तरी ते प्रिंटरपासून हलले नाहीत. त्यांना ओढून बाजूला फेकलं आणि कांब प्रिंटरवर पडायला लागली.

मी टेबलाखाली होते. तुझे पाय मला दिसले. तू प्रिंटरपर्यंत गेलीस, छापून झालेला कागदाचा गठ्ठा फाडून घेतलास आणि कांब धरलेल्या मुलाच्या तोंडासमोर धरलास. "तुझा नंबर बोल!" तू बंगालीत ओरडलीस. तो दचकला. त्याने खरंच नंबर सांगितला. तू शोधलास. "आहे. पास. आता ती कांब खाली ठेव." त्याने ठेवली, ताई. मी पाहिलं.

मग तू गठ्ठा घेऊन जिन्याने खाली निघालीस. ती वेणीवाली मुलगी सकाळपासून जिन्यात येऊन बसली होती, ती तुझ्यामागे गेली. मी खिडकीशी आले. फाटकाजवळच्या कठड्यावर चढून तू वाचायला सुरुवात केलीस. एकेक नंबर, मोठ्याने. आधी कोणी ऐकत नव्हतं. एक दगड तुझ्या खांद्याला लागला. तू वाचतच राहिलीस. मग गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आछि!" म्हणजे हजर. पुढचा नंबर. पुन्हा एक "आछि!" घोषणा विरत गेल्या. मुलं एकमेकांना गप्प करायला लागली. एक जण आपला नंबर ऐकून रस्त्यातच खाली बसला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी वळली. कोणीतरी गाडीवर पेटो फेकला. कोणी ते कळलं नाही, कधी कळणारही नाही. तो गाडीपर्यंत पोचला नाही. फाटकाच्या खांबाला लागला.

धूर खाली बसला तेव्हा कागद सगळ्या रस्त्यावर पसरले होते आणि काही जळत होते. तू कठड्याखाली पडली होतीस. या वेळी मी आले, ताई. दोन्ही हातांनी दाबलं. खिळे होते त्यात, काचा होत्या, आणि दाबायचं कुठे ते कळत नव्हतं. माझ्या हाताखाली तू गरम होतीस आणि मी सारखी म्हणत होते, दाबलंय, दाबलंय.

दवाखान्यात तू दोन दिवस काढलेस. मला एकदाच आत सोडलं. तू विचारलंस, "याद्या लागल्या?" मी म्हणाले, लागल्या. जे नंबर जळले आणि जे छापायचे राहिले ते हलदारबाबूंनी मूळ कार्डांवरून हाताने उतरवले होते. तू डोळे मिटलेस. खोलीत आपण दोघीच होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, मी काढलं होतं, ताई, मी खोटं बोलले. मी म्हणाले, "तू बोलू नकोस, आराम कर." तू डोळे उघडून थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस. मग नर्स आली.

चौकशीच्या कागदात लिहिलं आहे: कै. कुमुद यांच्या प्रोग्रॅममधील दोषामुळे. मी ते वाचलं आणि त्याच दिवशी सगळं लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलंय. राहू दे. गेलेल्या माणसाची नोकरी जात नाही." मी म्हणाले, "नाव जातं." त्यांनी पुढची फाइल ओढली. मी ते पत्र रजिस्टर पोस्टाने वरच्या ऑफिसला पाठवलं आहे. काय होईल ते होईल.

ताई, मला तुझा रागही येतो. तू मला वाचवलंस आणि त्यात माझी तोंड उघडायची वेळच काढून घेतलीस. ज्याचा हात सगळीकडे पोचतो त्याने विचारावं, हे तुझं म्हणणं मला पटतं. पण विचारणाराच कोणी कापून टाकला, तर ती चूक विचारणाऱ्याची नसते. तू जिवंत असतीस तर यावर आपण आठवडाभर भांडलो असतो, आणि मला ते भांडण हवं होतं. सुपरवायझर आता माझ्याकडे आहे. मशीनची दुरुस्ती चालू आहे. तुझ्या एकाही कार्डाला मी हात लावलेला नाही, आणि कोणाला लावू देणार नाही.

त्यानंतर मी काकूंकडे गेले. त्यांच्या डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रजेतले पाच दिवस, काढलेली कार्डं, "नाही, ताई" म्हणाले ते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग जवळ आल्या, हाताने माझा चेहरा कुठे आहे ते चाचपलं आणि माझ्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. मी हलले नाही. त्यांचा हात दुखला असावा, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला.

"ती मुलगी," त्या म्हणाल्या. "जिचा नंबर यादीत नव्हता म्हणून सगळं कळलं, ती. पास झाली?"

"झाली. पहिल्या वर्गात."

"नाव काय तिचं?"

मला माहीत नव्हतं. मला फक्त रोल नंबर माहीत होता.

"माझी पोर जिच्यासाठी खाली उतरली तिचं नाव तुला माहीत नाही?" काकू म्हणाल्या. "जा. विचारून ये. त्याशिवाय या दारात येऊ नकोस."

प्रवेशपत्राच्या नोंदीवरून पत्ता काढला. बराकपूर, नदीकडच्या गिरणीमागची वस्ती. मुलगी दारातच भांडी घासत होती. त्या दिवशी फाटकाशी भाजलेल्या तिच्या डाव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत फडकं बांधलं होतं. मला बघून ती उठून उभी राहिली. मी नाव विचारलं तर ती जरा गोंधळली आणि म्हणाली, "मोठ्या दिदींनीसुद्धा विचारलं होतं. जिन्यात. म्हणाल्या, नंबर राहू दे, नाव सांग." तिने मला पाटावर बसवलं. तिला गणित घ्यायचं आहे. गणिताला मुलींना घेतात का, असं तिने विचारलं.

काल परत काकूंकडे गेले. दारातूनच सांगितलं, "सबिता." काकूंनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. मी तिच्या हातावरच्या फडक्याचं सांगितलं. भाजलाय का, म्हणून त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्या भिंत धरून आत वळल्या आणि आतूनच त्यांचा आवाज आला.

"रविवारी घेऊन ये तिला. आणि तूही ये."